सुमनच्या हिरड्या आणि माझी डॉक्टरकी

बोटं दाखवायला आणलेल्या माझ्या बायकोला डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडा."

मी शहाणा पुढे सरसावलो. म्हटलं, डॉक्टर, तक्रार दाताची नाही, बोटांची आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सुमनच्या हिरड्या पाहिल्या, बोटांचे सांधे दाबून पाहिले, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि सांगितलं, "रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. दोन वर्षं आधी यायला हवं होतं."

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे शरीराचा राखणदारच फितूर होतो आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडतो. आणि ती दोन वर्षं सुमन माझ्या उपचाराखाली होती.

मी बिरवाडीला कारखान्यात फिटर. जाम झालेलं काहीही सोडवतो असा माझा लौकिक, निदान माझ्या तोंडून तरी. सकाळी सुमनची बोटं तास-तासभर आखडू लागली तेव्हा मी निदान केलं, लावणीच्या चिखलातला गारठा. मग दर रविवारी स्कूटरवरून सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर. अंघोळीनंतर तिला घटकाभर बरं वाटायचं आणि मला डॉक्टर झाल्यासारखं.

त्याच दिवसांत चूळ भरताना तिला रक्त यायचं. त्यावर माझ्या आईचा उपाय, मशेरी. तव्यावर तंबाखू मीच भाजायचो. घरभर ठसका. सुमन म्हणायची, "अवो, हिरडीला औषध करताय का डास पळवताय?"

पोलादपूरकडच्या माहेराहून तिने आणलेलं वैभव म्हणजे तांदळाची भाकरी, पातळ, चंद्रासारखी. एका सकाळी ती थापता थापता हातातून निसटून खाली पडली. मी म्हटलं, आज भाकरीला पाय फुटले. ती हसली नाही. पीठ लागलेल्या हातांकडे बघत राहिली. त्याच आठवड्यात पनवेलला सांध्यांच्या या डॉक्टरांना गाठलं.

हिरड्यांच्या रोगाचं नाव पेरिओडॉन्टायटिस. त्यात सूज खोल, पार दाताखालच्या हाडापर्यंत जाते. डॉक्टर म्हणाले, "हिरड्यांतले काही जंतू शरीरातल्या प्रथिनांचं रूप पालटतात. मग शरीर आपल्याच त्या प्रथिनांना परकं समजून लढायला उठतं, असा संशय आहे. संबंध दिसतो. पण तेच कारण, असं अजून सिद्ध नाही."

मी विचारलं, "म्हणजे माझ्या मशेरीनं झालं?"

"तंबाखू हिरड्यांना वाईटच. पण यांना कशानं झालं ते मी सांगू शकत नाही. उशीर झाला, एवढंच सांगू शकतो."

ते हो म्हणाले असते तर बरं झालं असतं. गुन्हा कबूल करून मोकळा झालो असतो.

महाडला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चार खेपांत हिरड्या साफ केल्या. रक्त थांबलं. सांध्यांच्या गोळ्या चालूच आहेत, त्या सोडायच्या नाहीत. सूज उतरली. वाकलेली बोटं मात्र वाकलेलीच राहिली.

तुमच्या घरी कुणाची बोटं सकाळी अशी आखडत असतील, तर कुंडावर खुशाल जा, पण आधी डॉक्टरकडे. आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर तेही त्यांना सांगा. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

भाकरी आता मी थापतो. तिचा नकाशा होतो. सुमन त्यात रोज नवं गाव शोधते. ब्रशचा बारीक दांडा तिच्या मुठीत ठरेना, म्हणून त्याला सायकलची ट्यूब गुंडाळून दिली. तरी एखाद्या सकाळी तोही धरवत नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ब्रश मी हातात घेतला. म्हटलं, "तोंड उघड गो."

फेसाळल्या तोंडानं ती म्हणाली, "डॉक्टर, तक्रार दाताची नाय, बोटांची हाय."

मला हसू आलं आणि पुढचं नीट दिसेना. ब्रश हलू नये म्हणून तिनं आपली वाकडी बोटं माझ्या मनगटावर ठेवली.