आत्यांचा अंगठा

दुखणं चारचौघांत मिरवावं तर ते आमच्या आत्यांनीच. या माझ्या नवऱ्याच्या आत्या, राहणार पाटसजवळच्या वस्तीवर. संधिवातानं त्यांची बोटं आणि गुडघे धरले, तेव्हा इतर बायकांसारखं त्यांनी ते पदराआड लपवलं नाही. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी सुजलेला अंगठा पुढे यायचा. "दाबून बगा. लाजू नका." तलाठ्यांनी दाबला. मतं मागायला आलेल्या उमेदवारानं तर दोन्ही हातांनी दाबला आणि सहानुभूतीनं डोळे मिटले. "ह्येला काय बी कळत न्हाई," असं म्हणून आत्यांनी मत दुसऱ्याला दिलं.

मी तेव्हा दौंडला शाळेत शिकवत होते, म्हणून त्यांना दवाखान्यात नेण्याचं काम माझ्याकडे. नेण्याचं म्हणजे त्यांच्या मागून जाण्याचं. बाकावर बसल्या बसल्या आत्या ताबा घ्यायच्या. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, घरात पाणी कोण भरतं, सासू कशी आहे, सगळं विचारून व्हायचं. मग जिचा नंबर लागेल त्या बाईबरोबर, तिनं बोलावलेलं नसताना, आत डॉक्टरांपुढे. डॉक्टर तरुण होते, भले होते, पण त्यांचा सल्ला सगळ्यांना एकच: आराम करा, उकिडवं बसू नका, जड उचलू नका. ऊसतोडीला आलेल्या बाईलाही त्यांनी हेच सांगितलं तेव्हा आत्या भडकल्या. "अवो डाक्टर, मोळी उचलली न्हाई तर मुकादम हिला टोळीत ठेवंल व्हय? हिला जमंल असं कायतरी सांगा की." कुरकुंभच्या कारखान्यात नवरा असलेली एक बिहारी बाई परक्या माणसापुढे तोंडच उघडत नव्हती. आत्यांनी आपल्या हिंदीत तिची कैफियत मांडली, "इसका गुडगा लई ठणकता है, आन् ये लाजती है." बाई खुदकन हसली आणि स्वतःच बोलायला लागली.

स्वतःच्या बाबतीत मात्र पेच होता. आत्यांना दुसरं काही नको होतं, फक्त शेळ्यांची धार काढता यायला हवी होती. त्यांच्या शेळ्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत, आणि मुलगे म्हणत होते, तुझ्यानं होत नसेल तर विकून टाकू. डॉक्टर म्हणाले, "हाताला विश्रांती द्या. शेळ्यांचं आता सोडा." आत्या पिशवी उचलून उठल्या. मला वाटलं, मानलं बिचारीनं.

पुढच्या खेपेला त्या टमटममधून शेळी घेऊन उतरल्या. मांडीवर बसून आली म्हणून तिचं भाडं द्यायला साफ नकार दिला आणि शेळी थेट तपासणीच्या खोलीत नेली. कंपाउंडर आडवा आला, तर शेळीनं त्याच्या कोटाची बाही चघळायला घेतली. "रिकामा हात बगून तुमाला काय कळणार? कामातला हात बगा," म्हणत आत्यांनी टेबलावरचा पेला ओढला आणि धार काढायला बसल्या. डॉक्टर आधी चिडले, मग हसले, मग चक्क त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. "मावशी, तुम्ही अंगठा आत दुमडून ओढताय. तो बाहेर ठेवा, सगळ्या मुठीनं दाबा बरं." आत्यांनी करून पाहिलं. धार पडली. कळ गेली नाही, पण निम्म्यावर आली. त्या दिवसापासून आत्या गोळ्या नेमानं घ्यायला लागल्या आणि डॉक्टर प्रत्येक बाईला आधी विचारायला लागले, "दिवसभर काय काय करता?" याचं श्रेय आत्यांनी कायम शेळीला दिलं.

एवढ्यावर शेळ्या काही वर्षं टिकल्या. मग बोटं मिटेनाशीच झाली. मागे एकदा वस्तीवर गेले तेव्हा एकच शेळी उरली होती. सून धार काढायला बसली होती आणि आत्या ओट्यावर, हात मांडीत ठेवून. शेळी पान्हा चोरत होती, मान वळवून सारखी आत्यांकडे बघत होती. मला वाटलं, आत्यांना हे मनातून बरंच वाटत असणार. पण त्या शेळीवर खेकसल्या, "माज्याकडं काय बगती? आता तिचाच हात हाय. सोड."

दूध पातेल्यात पडायला लागलं तशी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला फार वाईट वाटलं. मी धार संपेपर्यंत त्यांच्याजवळ जाऊन बसले.