खोलीची किल्ली

प्रताप नगरात आम्हा दारू सोडणाऱ्यांची बैठक दर रविवारी दुपारी एका शाळेच्या खोलीत भरते. खोलीची किल्ली सगळ्यांत नव्या माणसाकडे द्यायची, अशी तिथली रीत. ती माझ्याकडे आली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. घरी बायको कपाटाचीही किल्ली माझ्या हाती देत नव्हती, त्याचंही काही वाटत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गेलोच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. मग फोन आला, "भाईसाहब, हम बाहर खड़े हैं."

चरफडत निघालो. सगळे उन्हात दारापाशी उभे होते. कुलूप उघडताना मी वैतागून विचारलं, "दूसरी चाबी क्यों नहीं बनवा लेते?"

त्यांच्यातले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ म्हणाले, "फिर आप क्यों आते?"