फाटकाबाहेरचं शेंदरी कपाट

माझे यजमान गेले तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, कोळवणला एकटी कशी राहणार? जागा विकू, तू हिंजवडीला चल." त्याच्या फ्लॅटच्या खिडकीतून दुसऱ्यांचे फ्लॅट दिसतात. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत बघते. तोवर इथलं एक तरी माणूस माझं झालं तर राहीन, नाही तर गाशा गुंडाळीन. हे मी उगाच म्हटलं नव्हतं. भाताच्या खाचरांशेजारी घर बांधून आम्ही निवृत्तीनंतर इथं आलो, पण गावाच्या लेखी आम्ही 'फार्महाउसवाले'. यजमान बोलके होते, चहाच्या टपरीवर त्यांची बैठक असायची. ते गेल्यावर लोक मला बघून मान हलवायचे आणि पुढं जायचे. मीही काही कमी तुसडी नाही. आपणहून बोलायला मला जमत नाही.

पुस्तकांच्या कपाटाची कल्पना त्यातूनच निघाली. घरात एक जुनं जाळीचं कपाट होतं, पूर्वी दूधदुभतं ठेवायचे तसलं. पौडच्या सुतारानं त्याला उंच पाय आणि पत्र्याचं उतरतं छप्पर लावून दिलं. रंग त्याच्याकडं उरलेला होता तो लावला, आणि तो निघाला शेंदरी. एसटी थांबते तिथंच आमचं फाटक. फाटकाबाहेर कपाट उभं केलं, कादंबऱ्या, शिकारकथा, पाककृती असं हाताला लागेल ते भरलं आणि वर लिहिलं, 'पुस्तक घ्या, वाचा, आणून ठेवा.' मग चहा घेऊन खिडकीत बसले.

एसटीची वाट बघणारे लोक दार उघडून उभ्याउभ्याच वाचायचे आणि गाडी आली की पुस्तक जागेवर ठेवून पळायचे. एक दिवस मात्र एक जाडजूड रहस्यकथा नाहीशी झाली. मला इतका आनंद झाला की मी दुसरा चहा केला. कुणी नेली असेल? खून झाल्यावर इन्स्पेक्टर पन्नास पानं नुसताच सिगारेट ओढतो, ती पानं त्या माणसानं गाळली असतील का? काही दिवसांनी रहस्यकथा परत आली. तिच्या शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत ओंजळभर तांदूळ होते.

मी चक्रावले. पुढं हे चालूच राहिलं. कधी काकडी, कधी दोडके, कधी अळूची जुडी. कोण ठेवतं ते बघायला मी खिडकीला नाक लावून बसायची, पण दूध तापवायला आत गेले की काहीतरी येऊन पडलेलं असायचं. शेवटी मी डोकं चालवलं. रंग शेंदरी, वर छप्पर, जागा रस्त्याकडेची. ही मंडळी त्याला देऊळ समजतायत! मुलाला फोनवर सांगितलं तर तो पोट धरून हसला. मला हसू येईना. आज तांदूळ, उद्या नारळ, परवा वर्गणी आणि मग लाउडस्पीकर. एकदा स्टीलच्या वाटीत दोन अंडी आली, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. इथल्या देवाला काय चालतं ते आपल्याला काय माहीत, असं म्हणून मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पाटी लावली, 'हे देऊळ नाही. पुस्तकांखेरीज काहीही ठेवू नये.'

त्यानंतर खरोखरच काही आलं नाही. पुस्तकंसुद्धा नाहीत. जी गेली ती गेलीच, आणि दसरा उलटला तेव्हा कपाटात जेमतेम चार-पाच उरली होती. मुलगा म्हणाला, "रविवारी एजंट जागा बघायला येतोय." मी बरं म्हटलं. पण राग काही जाईना. रस्त्यापलीकडच्या घरातल्या सुनेच्या हातात मी आमचं पाककृतींचं पुस्तक पाहिलं होतं. जायचंच आहे तर निदान विचारून तरी जाऊ, म्हणून तडक तिथं गेले.

अंगणात भाताच्या पेंढ्या पडल्या होत्या. सासू माझ्याच वयाची. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. टीव्हीशेजारच्या फळीवर, धुतलेल्या फडक्यावर माझी पुस्तकं ओळीनं लावलेली होती. एकदोन नाही, बहुतेक सगळीच.

"परत का नाही आणली?" माझा आवाज चढलाच होता.

"ह्यातली निम्मी वरल्या आळीच्या लोकांनी नेल्याली. हितं आणून ठिवली. तुमीच पाटी लावली न्हवं, काई ठेवू नका म्हणून?"

"अहो, तांदूळ-अंडी ठेवू नका म्हटलं होतं. ते काय देऊळ आहे?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "देवाला अंडी कोण ठेवतंय? कुणाची वस्तू आणली तर ती रिकामी कशी परत द्यायची?"

उभ्या जन्मात मी कुणाचा डबा रिकामा परत केलेला नाही. काही नसलं तर चमचाभर साखर घालते. पुस्तकालाही तोच नियम कुणी लावला असेल, हे मला सुचलंच नव्हतं. तरी माझी जीभ स्वस्थ बसेना. "मग नुसतीच आणून ठेवायची होती. पाटीवर तसंच लिहिलंय."

"सून तेच म्हणत व्हती. मीच न्हाई म्हणलं," ती म्हणाली. "रिकामं दिलं की येणंजाणं तुटल्यावानी व्हतं. तुमचं मालक गेलं, आता तुमी एकट्या. त्यात आपण आणि कुटं तोडायचं? म्हणून ठिवली समद्यांनी."

मला रडू आलं. त्या बाईसमोर, अनोळखी अंगणात, मी चांगली रडले. आत जाऊन तिनं चहा टाकला आणि मी डोळे पुसल्यावरच कप घेऊन बाहेर आली.

"जागा इकताय म्हणं?"

"कुणी सांगितलं?"

"एजंट इचारत फिरतोय की." ती फळीकडं बघत म्हणाली, "तुमची जागा हाय, तुमी इका. पण ही पुस्तकं मग कुणाला परत द्यायची, तेवढं सांगून जावा."

"मलाच द्यायची," मी म्हटलं, आणि तिच्याच अंगणातून मुलाला फोन लावला.