वरच्या उतारावरचा निळा लेप

ती घटना आठवली की आजही आधी माझीच चूक आठवते.

बेंगळूरजवळच्या येलहंक्याच्या पुढे, डोंगराच्या उतारावर रेड वाइनच्या द्राक्षांची एक बाग आमच्या ठाण्याच्या हद्दीत होती. एप्रिलमधल्या एका सकाळी तिचा मालक तक्रार घेऊन आला. मूळ पुण्याचा. सर्जापूर रोडवरची आयटीतली नोकरी सोडून चार वर्षांपूर्वी त्याने ही बाग विकत घेतली होती.

"सर, टॉपच्या प्लॉटमधल्या एक्केचाळीस वेली कोणीतरी गुडघ्याएवढ्या ठेवून कापल्यात. वर निळा रंग फासलाय. हे क्लिअरली सॅबोटाज आहे. पुढच्या सीझनची सगळी वाइन बुक झालीय माझी!"

वरचा तुकडा म्हणजे त्या बागेचा जीव. खाली पाणी धरून ठेवणारी तांबडी माती, तिथे पूर्वीपासून खायची द्राक्षं. वर नुसता मुरूम आणि खडक. जुन्या मालकाने तीस वर्षांपूर्वी तिथे वाइनची काळी द्राक्षं लावली तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. पण तिथे पाणी साचत नाही आणि हवा गार असते, म्हणून घड लहान, साल जाड आणि वाइन गडद. बाटलीवर त्या उताराचंच नाव छापलेलं असे.

पंचनाम्यासाठी मी उपनिरीक्षकाला वर पाठवलं आणि गुडघेदुखीचं निमित्त करून स्वतः खालीच बसलो. 'बुंध्यांवर निळसर रंग' असं लिहून आलं, मी डोळे मिटून सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी बागेत दूध घालणाऱ्या अक्कांनी खबर दिली. "छाटणीवाले अण्णा, सर. पहाटे करवत घेऊन वर चालले होते."

हे अण्णा सत्तरीकडे झुकलेले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं, पण घरात मराठी. त्या वेली जुन्या मालकाच्या काळात त्यांनीच लावल्या होत्या. घरात करवत सापडली, ती जप्त करून आम्ही त्यांना ठाण्यात आणलं.

"वेली कुणी कापल्या?"

"मीच."

"का?"

तीन तास मी आवाज चढवला, उतरवला, जेलची भीती घातली. ते आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत एवढंच म्हणाले, "स्वल्प पाणी द्या साहेब. आन् काय लिहायचं ते लिहून टाका, सरी?"

कबुली मिळाली, हत्यार मिळालं. कोणीही फाइल मिटली असती. पण सूड घेतलेला माणूस गप्प बसत नाही. त्याला आपलं गाऱ्हाणं कुणाला तरी ऐकवायचंच असतं. हे मी नोकरीभर पाहिलं होतं, म्हणून या माणसाचं गप्प बसणं मला पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून मी वर चढलो. एका बुंध्यावर बोट फिरवलं, निळी भुकटी बोटाला लागली. मोरचूद आणि चुना! माझं गाव विजापूरकडचं, घरची द्राक्षबाग. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर, कापलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून, हा बोर्डोचा लेप मी लहानपणी बादल्या भरभरून लावला आहे. लाज वाटली मला. ज्याला वेल मारायची आहे, तो तिच्या जखमेवर औषध कशाला लावेल?

बांधाला कापलेली खोडं रचून ठेवली होती. प्रत्येकाच्या गाभ्यात तपकिरी डाग होता. बागायत खात्याच्या अधिकाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, हा खोड सुकवणारा रोग आहे, वरून खाली उतरतो. पावसात पसरतो, म्हणून वळवाच्या आधी डागाच्या खाली कापणं हाच उपाय.

मालकाला विचारलं, "अण्णांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

तो खाली बघत म्हणाला, "दोनदा. मी म्हटलं, नेक्स्ट इयर बघू."

मग अण्णांसमोर बसलो. "इतकं असून बोलला का नाहीत?"

ते पहिल्यांदाच रडले. "पोलिसांच्या कागदात रोग म्हणून आलं की त्या उताराची वाइन कोण घेतंय? मला आत टाका. रोगाचं नका लिहू."

मी त्यांचं ऐकलं नाही. एका निरपराध माणसाला त्याच्याच हट्टापायी तुरुंगात पाठवणं मला जमणार नव्हतं. अहवालात रोग लिहिला, लेप लिहिला, 'नुकसान करण्याचा हेतू नव्हता' असंही लिहिलं. मालकाने ते वाचलं आणि तक्रार चालवायची नाही म्हणून लेखी दिलं. अण्णा मात्र माझ्याकडे न बघता ठाण्याच्या पायऱ्या उतरले.

कबुली मिळाली म्हणून तपास संपत नाही, हे मला निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कळलं. आणि जागेवर स्वतः गेल्याशिवाय सही करायची नाही, हे तर शिकाऊ फौजदारालाही सांगतात.

जूनमध्ये पुन्हा वर गेलो. अण्णा वेलींना काठ्यांचा आधार देत होते, मालक शेजारी सुतळी धरून उभा. अण्णांनी मला पाहिलं आणि हातातलं काम न थांबवता विचारलं, "लिहिलंतच ना शेवटी?"

"लिहिलं."

"मग हेही लिहा." त्यांनी बुंध्यांकडे बोट केलं. वीतभर कोवळे, लालसर फुटवे आले होते.

ती फाइल तोवर कोर्टात गेली होती. म्हणून आज इथे लिहितो: एक्केचाळीसपैकी अडतीस वेली फुटल्या.