आधी शेजार सांगा

तारखा आधी नोंदवतो, म्हणजे मागाहून कोणी माझ्या स्मरणशक्तीला दोष देणार नाही.

सन १९८५, जानेवारीचा शेवटचा सोमवार. आमच्या वसाहतीच्या समितीकडे एक लेखी तक्रार दाखल झाली. जबाबदार: अर्जदार. फेब्रुवारीतला दुसरा रविवार. त्या तक्रारीवर सभा भरली आणि एका माणसाचे काम गेले. जबाबदार: समितीचे सर्व सभासद, चिटणीस आणि अर्जदार. त्याच वर्षाचा जुलै. वसाहतीसमोरचा फुलांचा उतार मातीसकट गटारात गेला. जबाबदार: पाऊस नव्हे, पावसावर खापर फोडणे ही आपल्याकडची जुनी सोय आहे. जबाबदार: पुन्हा अर्जदार.

अर्जदार म्हणजे मी. न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला मनुष्य.

ज्याचे काम गेले तो आमचा माळी. कोणतेही रोप लावण्यापूर्वी तो एक तळहात जमिनीवर पालथा ठेवी, दुसरा त्याच्या शेजारी उभा धरी आणि दोन्ही हातांकडे क्षणभर बघत राही. मग विचारी, "आधी शेजार सांगा. झाड मागाहून."

तीस वर्षे तो बोटीवर खलाशी होता. गुडघे गेल्यावर जमिनीवर आला आणि गुडघे टेकूनच करायचे काम त्याने पत्करले. आमची वसाहत सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. जांभ्या दगडावर जेमतेम वीतभर माती. पुढच्या उतारावर त्याने चिनी गुलाब पसरवला होता. बोटभर उंचीचा, जमिनीला बिलगून वाढणारा. ऊन वर आले की दहाच्या सुमारास तो सगळा उतार एकदम गुलाबी होई. आयुष्यभर दहाच्या ठोक्याला कचेरी गाठलेल्या माणसाला ती फुले आपली वाटावीत, यात नवल नाही.

पण त्या फुलांत त्याने वरच्या कडेने गवती चहाची रांग लावली होती आणि मधे मधे पावसाळी लिलीचे कांदे पुरले होते. मला ते अव्यवस्थित वाटे. एकदा मी त्याला म्हणालो, "इथे कर्दळ लावा. काहीतरी भारदस्त दिसू दे."

"कर्दळ पाणी मागेल, सायब. हा पाणी नको म्हणेल. मी रोज कोनाचं ऐकू?"

"आणि लिलीचं काय?"

"ती बारीक अंगाची. सावली पाडीत नाय. आनि बगा, उन्हाळाभर हा जागा तेव्हा ती झोपलेली. पावसात ती जागी तेव्हा हा झोपलेला. भांडायला टायमच नाय." मग हसून म्हणाला, "बोटीवर पन असंच. घोरणाऱ्याला कोनाच्या डोक्यावर झोपवायचा, ते आधी ठरवायला लागतं."

"गवती चहा काय घोरतो?"

"तो पहारेकरी. वरनं येणारं पाणी धरतो. फक्त माजला की कापायचा, नायतर खालच्याचं ऊन खातो."

वाचकहो, तुमच्याही वसाहतीत असा एखादा मनुष्य असेल. तो बोलतो तेव्हा आपण मान डोलावतो आणि त्याचे शब्द कानाआड करतो. मी तेच केले.

त्या थंडीत मला खोकला झाला. पत्नी दोन वेळा आले घातलेला चहा देई आणि मी तो पीत व्हरांड्यात बसे. तिथूनच मी त्याला पाहिले. तो विळ्याने गवती चहा कापी, पंच्यात जुडी बांधी आणि काखेत मारून इमारतीच्या मागच्या बाजूला जाई. एकदा नव्हे, तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा. मी वार टिपून ठेवले. मागचे फाटक थेट बाजाराच्या रस्त्यावर उघडते, एवढे मला पुरेसे होते. मागच्या बाजूला आणखी काय आहे, ते उठून पाहावे असे मला सुचले नाही.

तक्रारीत मी लिहिले: "सार्वजनिक जागेतील उत्पन्नाचा खासगी उपभोग." वाक्य चांगले साधले होते. ते लिहिताना मी चहाचे दोन पेले प्यायलो.

सभेत त्याला टेबलासमोर उभे केले. चिटणिसांनी विचारले, "गवती चहा कापलात?"

"कापला."

"आणि नेलात कुठे?"

त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. एखाद्या रोपाला इथे ऊन पुरेल का, हे पाहावे तसे.

"दिला."

"कोणाला?"

"ज्याला खोकला व्हता त्याला."

"नाव सांगा."

"नाव कशाला, सायब? औषध घेतलेल्या माणसाचं नाव पुकारीत नाय."

मी त्या वेळी खोकलो की नाही, ते मला आठवत नाही. "खुलासा असमाधानकारक" अशी नोंद झाली. शब्द मीच सुचवला.

घरी आल्यावर पत्नीला निकाल सांगितला. ती पोळ्या लाटत होती. लाटणे थांबले.

"अहो, तो चहा आपल्याच मागच्या दारी ठेवायचा तो. तुमचा खोकला त्याला वाफ्यापर्यंत ऐकू यायचा."

"आपण आल्याचा चहा घेत होतो."

"नुसत्या आल्याला असा वास येतो? तीन आठवडे पीत होतात, तुमच्या नाकाला कळलं नाही? आत्ता जा आणि अर्ज मागे घ्या."

मी तिला सांगितले, ठराव मंजूर झाल्यावर अर्ज मागे घेण्याची तरतूद नियमांत नाही. हे खरे होते. चिटणिसांचे घर तीस पावलांवर होते, हेही खरे होते. मी जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी समितीच्या हुकुमावरून त्याने स्वतःच गवती चहा उपटला आणि लिलीचे कांदे काढले. हातखंब्याच्या नाक्यावरून टेम्पोभर कर्दळ आली. तिला रोज पाणी घालावे लागले. तिच्या रुंद पानांखाली चिनी गुलाब आधी फिका पडला, मग कुजला. जुलैत वरून आलेल्या पाण्याला अडवणारे कोणी उरले नव्हते. खाली निघाला तो उघडा जांभा. मी तेव्हाही पत्र लिहिले, गटाराच्या रचनेविरुद्ध.

गवती चहा उपटला त्या दिवशी जाताना त्याने मागच्या दारी शेवटची जुडी ठेवली होती. या वेळी पाती कापलेली नव्हती. मुळांसकट गड्डा होता, ओल्या फडक्यात बांधलेला. पत्नीने तो तेलाच्या रिकाम्या डब्यात लावला. मी दिसेन या भीतीने त्याने दार वाजवले नाही, असे मला वाटे. ती म्हणते, "तुम्हाला लाज वाटू नये म्हणून."

तो वेळणेश्वरला मुलीकडे गेला. मी त्याला पत्रे लिहायला बसलो. प्रत्येक पत्र "महोदय" या शब्दाने सुरू होई आणि तिथेच अडे, कारण ज्या माणसाला मी कधी "अहो, जरा बसा" म्हटले नाही, त्याला पुढे काय लिहायचे ते मला येत नव्हते. एकही पत्र टपालात पडले नाही. मागच्या मार्गशीर्षात तो वारल्याची बातमी एसटीच्या कंडक्टरकडून कळली.

त्यानंतर मी समितीला लिहिले. उत्तर आले: "विषय जुना असून निकाली निघालेला आहे." मला हे मान्य नाही. एकाच पक्षाचे ऐकून दिलेला निकाल हा निकाल नव्हे, हे मी चौतीस वर्षे इतरांच्या कागदांवर वाचत आलो आहे.

म्हणून ही जाहीर मागणी. येत्या वार्षिक सभेत हा विषय सर्वांत आधी घ्यावा. त्याला उभे केले होते त्याच जागी, टेबलासमोर, अर्जदाराला उभे करावे. वयाची सबब ऐकून खुर्ची देऊ नये. चिटणिसांनी मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारावे, "तो चहा कोण प्यायला?" उत्तर इतिवृत्तात शब्दशः उतरवावे.

ते उत्तर मी तोंडी देईन. लेखी देणार नाही.