पाहुण्यांची हंडी

लॉजच्या स्वयंपाकघरात मावशींच्या दोन हंड्या असत. मोठीत घरच्यांचा लसूण-मिरचीचा झणझणीत रस्सा शिजे, धाकटीत परदेशी पाहुण्यांचा. कधीकाळी एका पाहुण्याला तिखट बाधलं होतं, तेव्हापासून मालकांचा हुकूमच होता की या लोकांना मिरचीचा वाससुद्धा लागता कामा नये. तो मिळमिळीत रस्सा रांधताना मावशींच्या अगदी जिवावर येई.

परवा एक पाहुणा सगळा देश पालथा घालून परत निघाला. जाईल तिथे त्याच्या पानात असाच बिनमिरचीचा रस्सा पडला होता. त्याला निरोप देऊन मालक हसत हसत आत आले.

"मावशी, म्हणतो कसा, तुमची माणसं मायाळू, शहरं गजबजलेली, पण जेवणाला चव म्हणून नाही. देवाने तुम्हाला जिभाच दिल्या नसाव्यात."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? पाहुणा माणूस. हो म्हणालो."

मावशींनी धाकटी हंडी घासली आणि माळ्यावर टाकली. संध्याकाळी नवे परदेशी पाहुणे पानावर बसले, तेव्हा मावशींनी मोठ्या हंडीतलाच रस्सा वाढायला घेतला. मालक धावत आले.

"अहो, त्यांना सोसायचं नाही हे."

"न सोसू दे. इतकी वर्षं त्यांच्या जिभा जपल्या, तर बिनजिभेचे आम्हीच ठरलो. आता नाक पुसत जेवतील, घरी जाऊन शिव्याही देतील. पण निदान आमच्या जेवणाला देतील."