कोळ्याचे पाय

माझी बायको पारू आणि मी, दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर संध्याकाळी चहा पीत टीव्हीवर आफ्रिकेतला कोळी बघितला. तळहाताएवढा, अंगभर केस, मागचे पाय जाडजूड. रंग आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीत भिजलेल्या लोखंडावर चढायचा तसला, तांबूस.

“केवढा किडा हाय गं!” मी म्हणालो.

“अवो, किडा न्हाय. किड्याला सहा पाय असत्यात, कोळ्याला आठ. त्याची जातच येगळी. आत्ताच सांगितलं की टीव्हीत.”

“दुसरीत शाळा सुटली तुझी आणि मला शिकवतीस व्हय? गप बस.”

मी तरी कुठं चौथीच्या पुढं गेलतो? पण ती गप बसली. झोपेपर्यंत बोलली न्हाय. सकाळी हाक मारली, तर अंग गार पडलेलं.

त्याला पंधरा वर्षं होतील. आज सून घट बसायच्या आधी जळमटं काढत होती. न्हाणीतलं तेवढं राहू दे म्हणालो, तिला कळलं न्हाय. त्या सकाळी बायका रडत होत्या आणि मी त्याच न्हाणीत, कोपऱ्यातल्या कोळ्याचे पाय मोजत उभा होतो. दोनदा मोजले. मग बाहेर येऊन सगळ्यांच्या देखत तिच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, “पारू, आठच हायत.”